रविवारचं वरण

आईने आता स्वयंपाकघरातून निवृत्त व्हायचं, हे आई सोडून बाकी सगळ्यांनी ठरवलं. डॉक्टरांनी तिचं उजवं मनगट आणि दोन्ही गुडघे तपासून ओट्यापाशी उभं राहणं बंद करायला सांगितलं होतं, आणि थोरल्याने ते लगेच डायरीत लिहून घेतलं. थोरला वजनमाप खात्यात निरीक्षक होता. दुकानदारांचे काटे तपासून शिक्के मारण्यात त्याची सत्तावीस वर्षं गेली होती, त्यामुळे शिक्का बसल्याशिवाय घरातली कुठलीही गोष्ट झाली असं त्याला वाटत नसे. फ्रिजच्या भांडणात वरचे दोन कप्पे धाकट्याचे आणि खालचे दोन आपले असा निकाल त्यानेच दिला होता आणि तो अजून टिकून होता. आता स्वयंपाकघराचा निकाल द्यायचा होता. घरात मजले दोन, भाऊ दोन, सुना दोन आणि स्वयंपाकघर एकच.

निकाल बाहेर जेवताना द्यायचा असं त्याने ठरवलं, कारण चारचौघांत कोणी आवाज चढवत नाही. प्रश्न हॉटेलचा होता. ज्या हॉटेलचा काटा आपण स्वतः तपासलेला नाही तिथे तो पाणीसुद्धा पीत नसे. काटा तपासलेली शाकाहारी हॉटेलं तीन होती. एकाची दुरुस्ती चालू होती, दुसऱ्यात गाणी फार मोठ्याने लावत. राहिलं ते पोस्टामागच्या गल्लीतलं.

"तिथे नको," आई म्हणाली.

"का?"

आईला पटकन कारण सुचेना. "तिथे जिना आहे."

"तीन पायऱ्या आहेत," थोरला म्हणाला. "मी मोजल्यात."

धाकटी सून दारात चपला घालत होती. हॉटेलचं ऐकून तिने डावी चप्पल उजव्या पायात घातली आणि तशीच फाटकापर्यंत गेली.

धाकटी लोकांना मोटार चालवायला शिकवत असे. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून तिचा जीव घट्ट झाला होता. समोरून ट्रक आला तरी ती आवाज न चढवता "आता ब्रेक" एवढंच म्हणे. पण त्या दिवशी तिला घाम फुटला, आणि त्याला कारण होतं.

सहा वर्षांपूर्वी आईचं मनगट पहिल्यांदा गेलं होतं. कुकर उचलेना, रवी फिरेना. तसा आठवड्याचे सहा दिवस स्वयंपाक थोरल्या सुनेचाच असे, पण रविवारी दुपारचं वरण आईच्या हातचं, हा नियम सासरे असल्यापासून चालत आलेला. सासरे गेले, नियम राहिला. वरण आपल्याच्याने होत नाही हे आईने कोणालाही कळू दिलं नाही. सांगितलं फक्त धाकटीला, कारण धाकटीला स्वयंपाकात काडीचा रस नव्हता आणि तिच्याकडे गाडी होती.

मग पद्धत बसली. थोरली औषधांच्या दुकानात कामाला होती आणि रविवारी सकाळची पाळी तिची असे. थोरला चालायला जाई. धाकटा, जो दातांचा डॉक्टर होता, अकरापर्यंत झोपे. तेवढ्यात धाकटी पोस्टामागच्या गल्लीत जाऊन हॉटेलच्या मागच्या दाराने बिनफोडणीच्या दालीचा मोठा डबा घेई. रविवारी तिच्या शिकवण्याही असत, तेव्हा पुष्कळदा गाडी शिकाऊ माणूस चालवी आणि धाकटी शेजारी मांडीवर डबा धरून, आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून बसलेली असे. डबा सांडला नाही तर माणूस परीक्षेला तयार, असा तिचा हिशेब होता आणि तो सहसा चुकत नसे. घरी आल्यावर आई डाव्या हाताने जिरं, हिंग आणि लाल मिरचीची फोडणी देई. वास घरभर सुटला की वरण आईचं झालं.

धाकटीला यात काही वावगं वाटलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचा मान राहतोय, आपलं काय जातंय, एवढाच तिचा विचार. घोळ झाला तो मार्चमध्ये. आई आठ दिवस दवाखान्यात होती, मधे एक रविवार आला, आणि वरणाचं काय असा प्रश्न निघाल्यावर धाकटी "मी करते" म्हणून बसली. तिने डबा आणला, फोडणी थोडी करपवली आणि वाढलं. थोरल्याने पहिल्या घासाला डोळे मिटले. हुबेहूब आईचं, असं तो म्हणाला, आणि दहापैकी साडेनऊ गुण दिले. अर्धा गुण करपल्याबद्दल कापला होता. त्याच दिवशी त्याच्या मनात निकाल तयार झाला.

हॉटेलात जायच्या आदल्या दिवशी धाकटीने मालकाला फोन करून सांगितलं की आम्ही येतोय आणि मला ओळखायचं नाही. मालक शब्दाचा पक्का होता. पाचही जण तीन पायऱ्या चढून आत आले तसा तो गल्ल्यामागून उठून पुढे आला.

"आपण पहिल्यांदाच येताय?"

"मी तुमचा काटा तपासतो दर वर्षी," थोरला म्हणाला.

"तुम्हाला ओळखतो ना साहेब. बाकीच्यांना अजिबात ओळखत नाही."

वेटरलाही तशीच ताकीद असावी. तो धाकटीकडे इतक्या निष्ठेने बघत नव्हता की तिला पाणीच मिळालं नाही. शेवटी धाकट्याने आपला ग्लास तिच्यापुढे सरकवला.

जेवण मात्र छान होतं. तंदुरी रोट्या कडेला किंचित काळ्या आणि मधे मऊ होत्या. पालक पनीरमधला पालक हिरवागार राहिला होता, भेंडी कुरकुरीत होती आणि जिरा राईसचा दाणा न् दाणा मोकळा होता. धाकटा मान खाली घालून जेवत होता. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात बघणाऱ्या माणसाला टेबलाभोवतीची बंद तोंडं चावताना पाहून बरं वाटे, आणि अशा वेळी तो सहसा बोलत नसे. थोरला गुण देत होता. पनीरला आठ, कारण सगळे तुकडे एका मापाचे होते. भाताला साडेसात. रोटीला आठ. मग त्याने दाल घेतली, दोन घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला.

"चार," तो म्हणाला.

त्याने मालकाला बोलावून घेतलं आणि समजावलं. वाईट नाही, मीठ बरोबर आहे, पण आमच्या घरच्या वरणाची सर नाही. एखाद्या रविवारी घरी येऊन आमच्या आईचं वरण खा, म्हणजे तुमच्या लक्षात येईल काय कमी पडतंय ते. मालकाने हात जोडले. येईन म्हणाला, आणि कृती मिळाली तर उपकार होतील असंही म्हणाला. धाकटीला ठसका लागला. आई भेंडीची एक एक चकती वेगळी करून बघत होती.

मालक गल्ल्याकडे गेल्यावर थोरल्याने डायरी काढली.

निकाल थोडक्यात असा होता. उद्यापासून स्वयंपाकघर धाकटीकडे. तिने शिकवण्या संध्याकाळी घ्याव्यात म्हणजे वेळ जमेल. कारण एकच, आईचा हात तिच्या हाताला आलेला आहे आणि हे मार्चमध्ये सिद्ध झालेलं आहे. थोरलीने चोवीस वर्षं मेहनत घेतली याची नोंद आहे, पण चव ती चव. आता तिने मोकळं व्हावं, विश्रांती घ्यावी. हे शेवटचं वाक्य त्याने बायकोकडे बघून हसून म्हटलं. तिला आनंद होईल अशी त्याची खरोखर समजूत होती.

"बरं," थोरली म्हणाली.

तिला फार वाईट वाटलं. दुकानात ती दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या वाचून औषधं देत असे. तिथे आपल्या मनाने एक गोळीसुद्धा कमीजास्त करायची सोय नव्हती. स्वतःच्या मनाने काही करायची जागा म्हणजे तो ओटा. डावी शेगडी मंद जळते, खालच्या फळीवरच्या तिसऱ्या डब्याचं झाकण उलटं फिरवावं लागतं, हे त्या घरात फक्त तिला ठाऊक होतं. चोवीस वर्षं सहा दिवस रांधून सातव्या दिवशी 'आईच्या हातची सर नाही' हे ऐकायचं, तेही तिने अंगवळणी पाडून घेतलं होतं. पण ओटाच गेला तर त्या घरात ती उरणार होती पाहुणी म्हणून, आणि पाहुणी म्हणून राहायचं तिचं वय गेलं होतं.

रडू येऊ नये म्हणून काहीतरी करायला हवं होतं. चार गुण मिळालेल्या दालीला पुढे कोणी हात लावला नव्हता आणि भांडं तिच्यासमोरच होतं. तिने भातावर दाल घेतली, कालवली आणि घास घेतला.

तिने दुसरा घास घेतला. मग भात बाजूला सारून नुसती दाल चमच्याने चाखली.

सुंठ. अगदी जराशी, घशाशी गेल्यावर कळेल इतकी.

सहा वर्षांपूर्वी एका रविवारी जेवताना तिने आईंना विचारलं होतं, आज वरणात सुंठ घातली का. आई म्हणाल्या होत्या, नाही गं, तुला सर्दी झाली असेल. पुढच्या रविवारी तिला पुन्हा सुंठ लागली. तेव्हा तिने आपल्याच दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणून पाच दिवस घेतल्या. सर्दी नव्हतीच, त्यामुळे ती बरी झाली नाही. दर रविवारी सुंठ लागत राहिली, आणि दर रविवारी बाकीचे सगळे हे आईच्या हातचं, हे आईच्या हातचं म्हणून खात राहिले. शेवटी तिने आपल्या जिभेवरचा विश्वास सोडून दिला. तेव्हापासून ती रोजच्या भाजीत मीठ बरोबर आहे का हे दिराला विचारू लागली होती.

तिने सासूकडे पाहिलं. आईने नजर उचलली, थोरलीच्या हातातला चमचा पाहिला, आणि पुन्हा भेंडीकडे वळली.

मालक टेबलाजवळून चालला होता. थोरलीने त्याला थांबवलं.

"तुमच्या दालीत सुंठ असते का?"

मालकाने आधी धाकटीकडे पाहिलं, मग तिला ओळखायचं नाही हे आठवून पंख्याकडे पाहिलं. "असते. किंचित. आमच्या वडिलांपासून आहे."

"छान लागते," थोरली म्हणाली. "सहा वर्षं खातेय मी."

"कुठे?" थोरल्याने विचारलं. "तू तर इथे आज पहिल्यांदा येतेयस."

थोरलीने दालीचं भांडं आपल्याकडे ओढलं.

आईला कळलं की सुनेला कळलंय. सुनेने आरडाओरडा केला असता तर आईला सोपं गेलं असतं. तिने डोळ्याला पदर लावला असता, मुलांनी तिची बाजू घेतली असती आणि गोष्ट मनगटाच्या दुखण्यावर येऊन संपली असती. पण ही काही बोलतच नव्हती. बोलणं तिने आईवर सोडलं होतं, आणि आईला गप्पही राहता येणार होतं. निकाल झालेला होता. धाकटी आठवड्याचे सातही दिवस डबा आणेल आणि वरण आईचं म्हणूनच चालेल, आपण गेल्यावरसुद्धा. क्षणभर आईला ते आवडलंही.

तेवढ्यात थोरलीने वाटीत दाल घेतली आणि ती आईच्या ताटाच्या डाव्या बाजूला ठेवली. चमचाही डावीकडे ठेवला. काही विचारलं नाही, काही दाखवलं नाही. घरी रोज ठेवायची तशीच.

आई त्या वाटीकडे बघत राहिली. मनगटाचं दुखणं तिने धाकटी सोडून घरात सगळ्यांपासून लपवलं होतं, डॉक्टरांनी सांगेपर्यंत. आणि आपली वाटी केव्हापासून डावीकडे येते हे आठवायला गेल्यावर तिला उजवीकडची वाटी आठवेचना.

"तुला हाताचं माहीत होतं?" आईने विचारलं.

"दिसत होतं की," थोरली म्हणाली. "तुम्ही बोलत नव्हतात, म्हणून मीही बोलले नाही."

आईने डाव्या हाताने चमचा उचलला आणि परत ठेवला. मग थोरल्याकडे वळली.

"ते वरण माझं नाही," ती म्हणाली. "सहा वर्षं झाली. रविवारचं वरण इथून येतं."

आणि मग तिने सगळं सांगितलं. मनगट, मागचं दार, डबा, फोडणी, शिकाऊ माणसं, मार्चमधला रविवार, काही वगळलं नाही. धाकटीने मधे एकदाच तोंड उघडलं, मार्चमधली फोडणी मात्र मी केली होती हे सांगायला. वेटरने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

"पण मी साडेनऊ दिले होते," थोरला म्हणाला.

"ते यांना दिलेस," आईने मालकाकडे बोट दाखवलं.

"आभारी आहे," मालक म्हणाला.

थोरल्याने दाल पुन्हा वाढून घेतली. डोळे मिटून एक घास खाल्ला, मग आणखी एक. सत्तावीस वर्षांत त्याने अनेक दुकानदारांचे चेहरे काटा खोटा निघाल्यावर पाहिले होते. आज तोच चेहरा त्याचा झाला होता. फोडणी वेगळी आहे, असं तो म्हणाला. फोडणीमुळे फरक पडतो. त्याने आशेने धाकट्या भावाकडे पाहिलं, तर धाकट्याने सांगितलं की त्याला तीन वर्षांपासून माहीत होतं. गाडीच्या डिकीत रिकामा डबा सापडला होता. मग बोलला का नाहीस, असं विचारल्यावर तो म्हणाला, "चांगली होती." आणि त्याने आणखी एक रोटी घेतली.

धाकटीने या गडबडीत आपलं काम उरकून घेतलं. तिने भावजींना सरळ सांगितलं की तो निकाल मागे घ्या, मला ते स्वयंपाकघर नको, मला गॅस पेटवायलाही दोन काड्या लागतात. मग थोरलीकडे वळून तिने हळू आवाजात म्हटलं, "वहिनी, तुमचं एवढं मनाला लागत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चुकलंच माझं." थोरलीने मान हलवली. धाकटीवर तिचा राग नव्हता. होता तो सगळा समोर बसलेल्या सासूवर होता.

"आई, मला का नाही सांगितलंत?" थोरलीने विचारलं. "मी घरातच होते. मी केलं असतं वरण, आणि तुमचं म्हणून वाढलं असतं. मी कुणाला सांगितलं नसतं."

"ते माहीत होतं मला."

"मग?"

खोटं बोलायचं तर आईला आता उत्तम संधी होती आणि तिला ते जमलंही असतं.

"तू केलं असतंस, आणि यांनी माझं म्हणून खाल्लं असतं," ती म्हणाली. "आणि कुणाला फरक कळला नसता. हॉटेलवाल्याचं माझं म्हणून खपलं तर मला चाललं. तुझं खपलं असतं तर मग मी कशाला होते त्या घरात?"

थोरलीला रडू आलं. या वेळी तिने ते थांबवलं नाही. वेटरने निमूटपणे कागदी रुमालांचा डबा तिच्या बाजूला सरकवला. थोरला बंद डायरीवर दोन्ही हात ठेवून बसला होता.

डोळे पुसून झाल्यावर थोरली बोलली ती स्वच्छ आवाजात.

"स्वयंपाकघर माझ्याकडे राहील. उद्याचं वरण मी करणार. तुमची वाटी भरून ती तुमच्यापुढे ठेवणार, आणि कसं झालंय ते तुम्ही सगळ्यांदेखत सांगायचं. वाईट झालं असेल तर वाईट म्हणा."

"वाईट होत नाही तुझं," आई म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगलं होतं. तू या घरात आलीस त्या वर्षापासून."

"चोवीस वर्षांत एकदा तरी म्हणायचं होतंत."

"म्हटलं असतं तर तेव्हाच उठावं लागलं असतं मला ओट्यापासून." आईने वाटी जवळ ओढली. "आता उठवलंच आहे तुम्ही, म्हणून म्हणते."

हे ऐकायची थोरलीने किती वर्षं वाट पाहिली होती. ऐकल्यावर काय होईल याचंही एक चित्र तिच्या मनात तयार होतं. त्यात ती सासूच्या गळ्यात पडत असे. तसं काही झालं नाही. बरं वाटलं, पण थोडंसंच, आणि राग जागचा हलला नाही. भूक मात्र खूप लागली होती. तिने वेटरला हाक मारून भात आणि आणखी एक दाल मागवली, गरम. दाल आली तशी तिने ती चाखली, मिठाबद्दल कोणालाही न विचारता वर चिमूटभर मीठ भुरभुरवलं, आणि जेवायला लागली.